हँडल कोणत्या हाताला

मोटर जळाली की तिच्या आधी तिचा वास दारात येतो. करपलेल्या गुळासारखा, पण तळाशी कडू. आतल्या तांब्याच्या तारेवरचे वार्निश जळते, त्याचा तो वास. मी दारव्ह्याच्या एका महिला प्रशिक्षण केंद्रात मोटर रिवाइंडिंग शिकवते. हा वास आता माझ्या साड्यांच्या घड्यांतही मुक्कामाला असतो. त्या सकाळी तो वास आला, मोटर मात्र आली नाही. दारात प्रेमसिंगभाऊ उभे होते.

प्रेमसिंगभाऊ जीप चालवतात. सकाळी बंजारा तांड्यावरून माणसे दारव्ह्याला आणायची, दुपारी परत न्यायची. येता-जाता शेतकरी त्यांच्या टपावर विहिरीवरच्या पंपाच्या जळलेल्या मोटरी ठेवतात. त्या उतरतात त्यांच्याच अंगणात, कारण त्या दुरुस्त करते त्यांची बायको सुनंदा. सुनंदा माझी विद्यार्थिनी. तिने घराला लागून टिनाची शेड घातली आणि तांड्यावर रिवाइंडिंगचे दुकान काढले.

"सुनंदाले सांगू नका मी आलतो म्हणून," त्यांनी आधीच बजावले. "तिले मशीन द्यायची हाय. भेट म्हणून. अशी पाहा, जे तिच्या जन्माले पुरन."

निकड मला ठाऊक होती. सुनंदा वापरत होती ती वाइंडिंग मशीन आमच्या केंद्राची. दुकान उभे राहीपर्यंत म्हणून दिलेली. आता नवी बॅच सुरू होणार होती आणि मशीन परत मागण्याचे अप्रिय काम माझ्याकडे आले होते. बाहेर कापूस वेचणीला आला होता. पाठोपाठ हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देणे सुरू होणार, पंप रात्रंदिवस चालणार आणि जळणार. नेमक्या त्या दिवसांत तिच्या टेबलावर मशीन नसती, तर मोटरी टपावरून थेट यवतमाळला गेल्या असत्या. गेलेले गिऱ्हाईक परतत नाही. त्यातून 'बाईमाणसाले मोटर काय समजते' म्हणणारे अजून पुरते गप्प झालेले नव्हते.

रिवाइंडिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. मोटरीच्या पोटात लोखंडाच्या खाचा असतात आणि त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. ती जळाली की काढायची आणि नवी करून बसवायची. हे वेटोळे, म्हणजे कॉइल, वाइंडिंग मशीनवर होते. एका हाताने हँडल फिरवायचे, लाकडी फर्मा, म्हणजे साचा, फिरतो आणि त्याच्यावर तार गुंडाळली जाते. दुसऱ्या हाताच्या बोटांतून ती तार सोडायची. सैल सुटली तर कॉइल फुगते, खाचेत मावत नाही. जास्त ताणली तर तार बारीक होते आणि पुन्हा जळते. हा ताण कोणत्याही पुस्तकात शिकवता येत नाही. बोटांना तो पाण्याच्या उबेसारखा कळावा लागतो.

आम्ही यवतमाळला गेलो. प्रेमसिंगभाऊंचा ओढा विजेवर चालणाऱ्या मशीनकडे होता. रंग चकचकीत, आकडे हिरवे, आवाज भ्रमरासारखा. मी एवढेच विचारले, की तांड्यावर वीज किती वेळ टिकते. ते हसले. "लाइन गेली की थे बिचारी काय करन, आमच्यासारखी वाट पाहत बसन." मग आम्ही हाताच्या मशीनकडे वळलो. ओतीव लोखंडाची, जड, निळ्या रंगाची. ग्रीसचा थंड, मातकट वास. वेढे मोजणारी तबकडी. हँडल फिरवले की आतून पैंजणासारखा बारीक, सारखा नाद येत होता. कुठे अडखळ नव्हती. दुकानदार शेटजी म्हणाले, वर्षातून दोनदा तेल द्या, लेक वापरेल. मला ते पटले. वस्तू टिकाऊ आहे की नाही, हे मी नेहमी आधी कानाने तपासते.

निवड झाली असे मला वाटले. तेवढ्यात प्रेमसिंगभाऊ वाकून हँडल पाहू लागले.

"शेटजी, हे डाव्या बाजूले बसवून भेटन काय?"

शेटजी म्हणाले, लेथवाल्याकडून होईल, पण बॉडीला दुसरीकडून भोक पाडावे लागेल. भोक पाडलेली मशीन परत घेणार नाही. ओतीव लोखंडाचे भोक बुजत नाही.

"पाडा," प्रेमसिंगभाऊ म्हणाले.

मी त्यांना दुकानाबाहेर घेऊन गेले आणि हे कशासाठी, असे विचारले. ते जीपच्या बॉनेटला टेकले. मग सांगू लागले. सुनंदा डावखुरी आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्या आईने, म्हणजे याडीने, त्यावरून तिला बोलायचे काही बाकी ठेवले नव्हते. वाढताना डावा हात, पाहुण्याला पाणी देताना डावा हात. पाहुण्यांसमोर तिच्या हातातला तांब्या काढून घेतला होता. सुनंदा हळूहळू सगळे उजव्या हाताने करायला शिकली. सांडत, चटके खात शिकली.

"अन् मी तिथंच बसून राहो, मॅडम. एक शब्द नाही बोललो." त्यांनी बॉनेटवरची धूळ पुसली. "मशीन तरी तिच्या हाताची असू द्या."

मशीन शिकवणारी बाई म्हणून मनात काहीतरी टोचत होते. पण ते काय, हे मलाच नीट उमगत नव्हते. मी शेटजींना सांगितले, मशीन बाजूला ठेवा, भोक उद्यापर्यंत थांबवा. प्रेमसिंगभाऊंना ते आवडले नाही. परतताना जीपमध्ये ते फक्त गिअरशी बोलले.

संध्याकाळी केंद्रात मी एकटीच थांबले. दुसरी एक मशीन टेबलावर उलटी फिरवून घट्ट केली, म्हणजे हँडल डावीकडे आले; वेढ्यांची तबकडी पलीकडे गेली, पण प्रयोगापुरते चालले. मी उजव्या हाताची. त्या दिवशी पहिल्यांदा मी डाव्या हाताने हँडल फिरवले आणि तार उजव्या बोटांत धरली. डावा हात आधी गोंधळला, मग बैलासारखा मुकाट फिरू लागला. त्याला काहीच अक्कल लागत नव्हती. आणि उजव्या बोटांतून तार अशी सुटत होती, जशी चांगल्या लिहिणाऱ्याच्या हातून ओळ सुटते. तारेला तार लागून बसत होती. इतकी सपाट कॉइल माझ्या हातून क्वचितच झाली असेल.

टोचत होते ते हेच. हँडल फिरवणे हे मशीनवरचे सोपे काम. कसब आहे ते तार धरण्यात. म्हणजे हँडल उजवीकडे असलेली मशीन मुळात डावखुऱ्या माणसालाच सोयीची. वर्गात सुनंदाची कॉइल सगळ्यांत सुबक का येई, याचे उत्तर मला त्या रिकाम्या खोलीत मिळाले. भोक पाडले असते, तर तिचा शहाणा हात हँडलला जुंपला गेला असता आणि तार गेली असती अशा हातात, जो आजवर धाकाने शिकला होता.

दुसऱ्या दिवशी प्रेमसिंगभाऊंना मी तार धरायला लावली. आधी डाव्या हातात, मग उजव्या. स्टिअरिंगवर मुरलेला त्यांचा उजवा हात. फरक त्यांना लगेच कळला. पण चेहरा उतरला.

"मंग मी तिले काय देऊ? सगळ्याले भेटते तेच?"

या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नव्हते. मी म्हणाले, "मशीन तशीच द्या, भाऊ. भोक नंतरही पाडता येतं, पाडलेलं भरता येत नाही. हँडल कुठे हवं ते आपण दोघांनी ठरवायचं कशाला? तिला विचारू. आणि काल जे मला सांगितलंत, ते तिलाच सांगा. याडीच्या समोर."

ते जीपमध्ये जाऊन बसले. मग म्हणाले, "याडीसमोर?" आणि चावी फिरवली.

मशीन तांड्यावर उतरली तेव्हा सुनंदाचे हात वार्निशने माखलेले होते. तिने गोणपाट सोडले, ओतीव लोखंडावर उलटा हात ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात. प्रेमसिंगभाऊ बोलले. अडखळत, तांड्याच्या गोरबोलीत, शेडच्या खांबाकडे पाहत. मला निम्मेच समजले. पण 'डावा हात' समजला आणि 'तांब्या' समजला. उंबऱ्यात बसलेली याडी एकदा खाकरली. नंतर उठली, तारेचे रीळ उजवीकडे पडले होते ते उचलून तिने सुनंदाच्या डाव्या बाजूला ठेवले आणि चहाचे पाहायला आत निघून गेली.

केंद्राची मशीन मी त्याच जीपमधून परत आणली. हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत सुनंदाच्या अंगणात मोटरींची रांग होती, त्यांतल्या काही तर दारव्ह्याहून उलट तांड्यावर आल्या होत्या. नव्या बॅचला मी आता हँडलबद्दल आधी काहीच सांगत नाही. फक्त तार हातात देते आणि ती कोणत्या हाताला आवडते, ते पाहते. भेटीचेही तसेच असावे. देणाऱ्याने प्रेम कमी केले नाही तरी चालते. ड्रिल मात्र जरा उशिरा चालवावे.

त्या दिवशी तांड्यावर विचारायचे काम शेवटी माझ्याकडेच आले. सुनंदा मशीनवर बसली होती. उजवा हात हँडलवर, डाव्या बोटांना सुती चिंधी, चिंधीतून तार ताठ. नाद सुरू झाला होता, बारीक आणि सलग. मी म्हणाले, "सुनंदा, भाऊंची फार इच्छा आहे. हँडल डाव्या बाजूला करून मिळतं. करायचं का?"

तिने हँडल थांबवले. बोटांतली तार मात्र सोडली नाही. तारेकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे वळून, जरा हसून म्हणाली,

"कायले?"