अंगारकीच्या रात्री उचललेला पूल

देव आहे की नाही, या भानगडीत मी कधी पडलो नाही. आईला तो आहे, एवढं मला पुरेसं होतं. पण गेल्या जूनमधल्या त्या मंगळवारी रात्री मी मनातल्या मनात तिच्या गणपतीवर चांगलाच चिडलो होतो. आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, रॉटरडॅमला खेटून असलेल्या कापेलला आली होती आणि येताना बॅगेत पुण्याचं कॅलेंडर घेऊन आली होती. त्यात अंगारकीचा चंद्रोदय रात्री दहाच्या आसपास दिला होता. त्या हिशोबाने तिने मधुमेहाची गोळी घेतली, मोदकांचं ताट गणपतीपुढे मांडलं आणि खिडकीबाहेर पाहिलं, तर अजून धड अंधारही पडला नव्हता. मी फोनवर शोधलं. इथे चंद्र उगवायला मध्यरात्र उलटणार होती. कॅलेंडर पुण्याचं आणि आकाश हॉलंडचं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

गोळी पोटात गेली होती आणि पोट दिवसभराचं रिकामं. मी परोपरीने सांगून पाहिलं. पुण्यात चंद्र केव्हाच वर आलाय, तिथल्या वेळेने जेव, म्हटलं. आई शांतपणे म्हणाली, "मी आत्ता कुठे आहे? इथेच ना? मग चंद्रही इथलाच." बाबा गेले त्या महिन्यातही तिने संकष्टी मोडली नव्हती, त्यामुळे पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. माझी बायको कामासाठी दुसऱ्या गावी होती. ती असती तर तिने आईला गोडीगुलाबीने वळवलं असतं. मला ते जमत नाही. आई नुसती घड्याळाकडे बघत बसणार, त्यापेक्षा तिला फिरवून आणावं, म्हणून मी इलेक्ट्रिक स्कूटर काढली. खिशात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा तेवढा टाकला.

सुरुवातीला खरं सांगायचं तर मजा आली. आईने स्वतः पुण्यात वीस-पंचवीस वर्षं स्कूटर चालवलेली, त्यामुळे मागे बसूनही तिच्या सूचना चालूच होत्या. साडीचा पदर खोचून, सुनेचं हेल्मेट घालून ती बसली आणि गाडी निघाली तरी विचारत राहिली, "चालू झालीये ना रे ही? आवाज कसा नाही?" आम्ही रॉटरडॅमभर फिरलो. नदीवरचे दिवे, पाण्यात उलटे दिसणारे टॉवर, बंदराच्या बाजूच्या क्रेन, बंद दुकानांच्या ओळी. एवढी वर्षं इथे राहून मीही हे शहर रात्री असं पाहिलं नव्हतं. परत कापेलला येऊन, तिथला पूल ओलांडून नदीपलीकडच्या मोकळ्या शेतांच्या बाजूला गेलो. तिथून पूर्वेचं आकाश थेट जमिनीपर्यंत दिसतं. चंद्राला अजून वेळ होता. आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की आई बोलायची थांबली आहे.

माझ्या कमरेभोवतीचा तिचा हात ओला लागत होता. मी गाडी थांबवून तिच्या कपाळाला हात लावला, तर गार घाम. बिस्कीट तोंडाशी नेलं, तिने ओठ घट्ट मिटले. "चंद्र दिसू दे," एवढंच म्हणाली, आणि तेही अडखळत. निदान घरी तरी पोचू, म्हणून मी गाडी वळवली. एका हाताने तिचा हात धरून, हळूहळू चालवत पुलाशी आलो, तर लाल दिवा लागलेला, फाटक पडलेलं आणि पूल उचललेला. खालून एक लांबलचक मालवाहू बोट चालली होती. मी आईला उतरवून कठड्याशी बसवलं. ती डावीकडे कलत होती. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी नंबर लावताना मी दोनदा चुकलो. त्या क्षणी मी गणपतीला काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण म्हणालो त्यालाच, हेही खरं.

तिसऱ्यांदा नंबर लावणार, तोच मागून एक सायकल येऊन थांबली. साठीच्या पुढच्या एक बाई, आखूड पांढरे केस, अंगात रेनकोट, मागे कॅरियरला बांधलेला डबा. चेहऱ्यावरून इंडोनेशियाकडच्या वाटल्या. आईकडे पाहून त्यांनी डचमध्ये एकच शब्द विचारला, साखर? मी मान हलवली. बहिणीच्या वाढदिवसाहून येतेय, असं काहीतरी सांगत त्यांनी डबा सोडला आणि आईपुढे गुडघ्यावर बसल्या. डब्यात हिरवे गोळे होते, वर ओलं खोबरं. एक त्यांनी आईच्या नाकाशी धरला. मी सांगणारच होतो की ती खाणार नाही. पण आईने डोळे उघडले, वास घेतला, आणि तोंड उघडलं.

तांदळाच्या पिठाची उकड, आत पातळ झालेला गूळ, बाहेर खोबरं. दुसरा गोळा तिने स्वतःच्या हाताने घेतला. तिसऱ्याला जरा नीट बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दूर्वांच्या रंगाचे आहेत रे. प्रसाद आला, तो नाकारायचा नसतो." मला रडू आवरलं नाही. त्या बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पूल खाली आला तेव्हा त्यांनी उरलेला डबा आईच्या मांडीवर ठेवला आणि मी नाव विचारायच्या आत सायकलवर बसून निघूनही गेल्या. आम्ही पूल ओलांडत असताना मागे चंद्र उगवला होता, तांबूस, कडेने जरासा झिजलेला. आईने वळून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही ऐकवलं, गोळीची वेळ बदलून दिली आणि उपाशीपोटी गोळी घ्यायची नाही हे आईकडून वदवून घेतलं. चमत्कार झाला की योगायोग, हे मी ठरवत बसलो नाही. पूल उचललेला नसता तर आम्ही थांबलोच नसतो, एवढं मला कळतं. ज्या पुलापायी मी गणपतीला शिव्या देत होतो, तो अडथळा नव्हता. आईला मी वाचवणार, हा माझा हट्ट आणि चंद्रच हवा, हा तिचा, दोन्ही त्या फाटकापाशी सुटले, आणि मग मदत आली. त्या मदतीपुढे मी आजही मनातून हात जोडतो.

पुढच्या संकष्टीला आईने दुपारीच मोदक केले आणि तो डबा भरून मला पुलावर न्यायला लावलं. त्या बाई काही भेटल्या नाहीत. थोड्या वेळाने पूल उचलला गेला, सायकलवाले आणि गाड्या थांबल्या. आई डबा उघडून त्यांच्यामधून फिरू लागली, कोणाला एक, कोणाला दोन. मी ओशाळून तिच्या मागे मागे, हे काय आहे ते डचमध्ये सांगत होतो. कोणीही नको म्हटलं नाही.