तू होतास कुठं?

"दिला असता रे दत्या, पण तू होतास कुठं?"

हे वाक्य किसनभाऊ ओव्हाळांनी मला किती वेळा ऐकवलं, याचा हिशेब मी केव्हाच सोडून दिला. आमच्या कंपनीच्या फुटबॉल संघात ते सेंटर फॉरवर्ड आणि मी लेफ्ट विंगर. मी डाव्या बाजूने जीव तोडून पळायचो, हात वर करून ओरडायचो, "किसनभाऊ, इकडं!" आणि किसनभाऊ चेंडू घेऊन एकटेच समोरच्या तिघा-चौघांच्या अंगावर चालून जायचे. गोल झाला तर लोक त्यांना खांद्यावर घ्यायचे. नाही झाला तर कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळायचे आणि वरचं वाक्य फेकायचे. मी कुठं होतो ते मैदानाबाहेरच्या चहावाल्यालाही दिसत असायचं.

पण माणूस खेळायचा काय, राव. देहूरोडला लष्कराच्या डेपोबाहेर त्यांचं घर. वडील डेपोत हमाल. तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून सोल्जरांचे सामने बघत आणि फाटका चेंडू अनवाणी पायांनी लाथाडत हे पोरगं शिकलं. पुढे आमच्या पिंपरीच्या कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर म्हणून लागले आणि दोन वर्षांत कंपनीपेक्षा त्यांचंच नाव मोठं झालं. चिंचवडला न्हाव्याच्या दुकानात त्यांच्याकडून पैसे घेत नसत. माणूस त्यामुळे थोडा चढलेला होता, खोटं कशाला बोलू. स्वतःचे बूटही दुसऱ्याला उचलायला लावायचा.

एवढं असूनही मोठा करंडक काही आमच्या हाताला लागला नाही. दोनदा फायनलला गेलो, दोनदा हात हलवत परत आलो. दुसऱ्या वेळी परतताना ट्रकमध्ये किसनभाऊ माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "येकदा, फकस्त येकदा त्यो करंडक ह्या हातांनी उचलायचाय. मग मेलो तरी चालंल." त्यानंतरच्याच हंगामात डाव्या गुडघ्याने दगा दिला. लेथवर दिवसभर उभं राहवेना, म्हणून कंपनीने त्यांना टूल स्टोअरच्या खिडकीत बसवलं. ज्या पायावर लोक जीव टाकायचे तो पाय स्टुलावर ठेवून किसनभाऊ आम्हाला ड्रिल आणि फायली देऊ लागले.

ते खेळायचे थांबले आणि संघाची पार रया गेली. शेवटी पर्सोनेलच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "एक वर्ष बघतो. या वर्षी करंडक आला तर ठीक, नाहीतर संघ बंद. मैदानावर आपल्याला पॅकिंगची शेड टाकायचीच आहे." आणि त्या एका वर्षासाठी मॅनेजर म्हणून नेमलं कोणाला, तर किसनभाऊंना. मी कपाळाला हात लावला. ज्याने जन्मात कुणाला पास दिला नाही, तो आता आम्हाला पास द्यायला शिकवणार होता.

पहिल्याच दिवशी ते काठी टेकत आले आणि आमच्याच गोलच्या मागे जाऊन उभे राहिले. फॉरवर्ड खेळलेला माणूस, त्याने समोरच्या गोलजवळ उभं राहावं की नाही? पण बराच वेळ तिथेच उभे. खेळ संपल्यावर सगळ्यांना जवळ बोलावलं. म्हणाले, "आयला, हितनं समदे दिसत्यात. इतकी वर्सं खेळलो, पर तुमच्याकडं पाठच होती माझी. तुमी मला आवाजानं म्हाईत. तोंडं आज बघतोय." मग माझ्याकडे बोट करून, "आणि ह्यो गडी किती पळतो रं."

मी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत बसलो. पण घरी जाताना सायकल जरा हलकी चालली, हे खरं.

आता आमची खरी अडचण सांगतो. विजेच्या टंचाईमुळे आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि स्पर्धेचे सामने सगळे रविवारी. म्हणजे सामन्याच्या दिवशी आमच्यातले निम्मे खेळाडू शिफ्टला. सुटायचं तर बदली द्यावी लागे. बदली म्हणजे आपल्या मशीनवर आपल्याऐवजी दुसऱ्याने उभं राहायचं, आणि तोही ते मशीन जाणणारा हवा. आपली शिफ्ट करून वर कोण कुणासाठी राबणार? पूर्वी दर सामन्याला आमचा एखादा तरी भिडू कमी पडायचा.

किसनभाऊंनी हे काम स्वतःकडे घेतलं. कधी कुणापुढे मान न वाकवलेला हा माणूस जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये टेबलामागून टेबल हात जोडत फिरू लागला. आमच्या गोलकीपरचं मिलिंग मशीन सांभाळू शकतील असे एकच, परभणीकडचे जाधव. जाधव कडक माणूस. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "माझा काय संबंध हो फुटबॉलशी?"

किसनभाऊ म्हणाले, "तुमी मशिनवर उभं ऱ्हायल्याबिगर आमचा गोलकीपर गोलात उभा ऱ्हात न्हाई. म्हंजी खरं गोलकीपर तुमीच की."

जाधवांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून होकाराची मान हलवली. पण गंमत पुढेच आहे. सोमवारी सकाळी तेच जाधव आमच्या गोलकीपरला धरून झापत होते, "मी तुझ्या मशीनवर एक जॉब रिजेक्ट होऊ दिला नाही, आन् तू सरळ आलेला गोल सोडलास?" हळूहळू हे लोणच्यासारखं मुरत गेलं. बदलीवाला आपापल्या खेळाडूचा जाब विचारू लागला. किसनभाऊ म्हणायचे, "आपला संघ बावीस जणांचा हाय. अकरा पळत्यात, अकरा हुबं ऱ्हात्यात." आणि सरावात कुणी एकट्याने चेंडू घेऊन धावू लागला की गोलमागून काठी आपटायचे, "माझ्यावानी नगं करू रं, वर बघ, वर." असं करत करत आम्ही फायनलला पोचलो.

फायनल खडकीला, साडेचारची. माझी त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट, साडेतीनपासून. माझ्या लेथवर बदलीला महाळुंग्याचा बबन शिवळे. तीन वाजता आम्ही गेटवर ट्रकपाशी जमलो. किसनभाऊ इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. करंडक घ्यायला जायचं म्हणून दाढी दोनदा घोटलेली दिसत होती. आम्ही चेष्टा केली तर लाजले.

तेवढ्यात बबन खाली मान घालून आला. पाठोपाठ त्याचा चुलतभाऊ, सायकल दामटत महाळुंग्याहून आलेला. बबनच्या आईला दवाखान्यात नेलं होतं. किसनभाऊंनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "आधी म्हातारीकडं पळ. हितलं आमी बघतो."

बघतो म्हणजे काय बघणार? जॉब तातडीचा, आणि फोरमन म्हणाले, लेथ बंद ठेवता येणार नाही. मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "जाऊ द्या किसनभाऊ. मी थांबतो. राखीव पोरगा आहेच तुमच्याकडे." 

किसनभाऊंनी एकदा ट्रककडे पाहिलं. मग शर्टाची बटणं काढायला लागले. "तुझा डांगरीचा कोट आण," म्हणाले. "लेथवर मी हुबा ऱ्हातो."

"अहो, फायनल आहे. आणि तुमचा गुडघा?"

"गुडघा गेलाय, हात न्हाई गेलं. तिथं जाऊन मी करणार काय? बोंबलणार. बोंबलायला हजार मिळत्यात. तुझ्या लेथला दुसरा न्हाई, आणि डाव्या बाजूला बी दुसरा न्हाई." माझा कोट त्यांना आखूड झाला. मनगटं उघडी टाकून, काठी टेकत ते आत गेले. मागे वळून पाहिलं नाही. पांढरा शर्ट घडी करून माझ्या हातात दिला होता, तो मी ट्रकमध्ये मांडीवर घेऊन बसलो.

सामना शेवटपर्यंत एक-एक. अगदी संपत आला असताना डाव्या बाजूला चेंडू माझ्याकडे आला. बचावपटू मागे पडला, समोर गोल, गोलकीपरच्या उजवीकडे थोडी फट. जन्मभर ज्या क्षणासाठी ओरडलो तो क्षण आला होता, आणि मारणारच होतो मी. इतक्यात मधून आमचा नवा सेंटर फॉरवर्ड हुसेन ओरडला, "दत्ताभाऊ, इकडं!" मी वर बघितलं. पोरगा मोकळा होता. चेंडू त्याच्याकडे सरकवला आणि त्याने जाळीत घातला.

मैदानावर फोटो निघाला, हार पडले. मिरवणुकीला कोणी थांबायला तयार नव्हतं. ट्रक थेट कारखान्याच्या गेटवर आणला आणि करंडक घेऊन आम्ही मशीन शॉपमध्ये घुसलो. दुसरी शिफ्ट चालू होती. सगळ्यांत आधी जाधवांनी आम्हाला पाहिलं. पाना उचलला आणि लोखंडी टेबलावर ठणाठणा वाजवायला लागले. मग सगळा शॉप वाजायला लागला. ज्याच्या हातात जे होतं ते वाजत होतं. फोरमनही वाजवत होते.

किसनभाऊ माझ्या लेथवर आमच्याकडे पाठ करून उभे होते. सगळा भार उजव्या पायावर. वळले नाहीत. हात वर केला. "थांबा. कट सपू दे."

लोखंडावरून हत्याराची फेरी पुरी झाली, कट संपला. मशीन बंद केलं, हात पुसले, वळले. आम्ही बोलायच्या आधीच त्यांनी करंडक पाहिला. डोळे भरून आले होते, पण पुसले नाहीत. विचारलं एवढंच, "पास कुणाचा?"

गोल कुणी मारला, ते विचारलं नाही. हुसेनने माझ्याकडे बोट दाखवलं. किसनभाऊंनी मान हलवली.

मग तो करंडक त्यांनी घेतला, पण उचलला नाही. लंगडत जाधवांकडे गेले. "धरा, गोलकीपर." मग पुढच्या मशीनवर, मग त्याच्या पुढच्या. ज्याने ज्याने बदली दिली होती त्याच्या तेलकट हातात करंडक देऊन आले. सगळ्यांत शेवटी, माझ्या लेथपाशी परत येऊन, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. आखूड बाह्या कोपरापर्यंत मागे गेल्या. असा आवाज त्या शॉपने पुन्हा कधी ऐकला नाही.

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये फायनलचा फोटो पुढे कितीतरी वर्षं होता. पॅकिंगची शेड दुसरीकडे गेली, मैदान राहिलं. नवी पोरं फोटो बघून विचारायची, यात तुमचे मॅनेजर कोणते? मी त्यांना माझ्या लेथपाशी घेऊन जायचो.

त्या संध्याकाळी मात्र मला एक जुनं येणं वसूल करायचं होतं. गलका जरा ओसरल्यावर मी त्यांचा शर्ट पुढे केला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणालो, "काय किसनभाऊ, एवढी फायनल झाली, करंडक आला. तुम्ही होतात कुठं?"

ते मनापासून हसले. त्यांना असं हसताना मी मैदानावर कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या जाग्यावर," ते म्हणाले. "आता घरला जा. माझी शिफ्ट ऱ्हायलीय अजून."

आणि पाठ फिरवून त्यांनी मशीन सुरू केलं.