एकच चप्पल

आमच्या कॅज्युअल्टीत अपघाताचा पेशंट आला की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर एकच चप्पल येते. दुसरी तिथेच रस्त्यावर राहते. परवा दुपारी आणलेल्या माणसाचंही तसंच. आम्ही सगळ्यांनी खूप धडपड केली, पण तो गेला. त्याची बायको गावाहून निघाली होती, अजून पोचायची होती.

गेलेल्या माणसाचं सामान नातेवाइकांच्या हातात द्यायचं काम आम्हा नर्सेसचं. मी इन्चार्ज, म्हणून नव्या मुलींना तेही मीच शिकवते. नवी आलेली स्नेहल त्याचं घड्याळ, पाकीट पिशवीत भरत होती. चप्पल हातात घेतल्यावर ती थबकली.

"सिस्टर, ही द्यायची का हो त्यांना?"

शीर कशी शोधायची, छाती कशी दाबायची, रडणाऱ्याला कुठे बसवायचं, सगळं मला शिकवता येतं. हे मात्र आजही येत नाही. दिली तर दुसरी कुठे आहे म्हणून बाई विचारते. नाही दिली तर तिच्या माणसाचं काहीतरी आपणच ठेवून घेतल्यासारखं वाटतं. मी नवी असताना आमच्या सिस्टरना हेच विचारलं होतं. त्या नुसत्या दुसरीकडे बघत राहिल्या. केवढा राग आला होता मला त्यांचा!

"बघू," मी म्हटलं.

स्नेहलने ओल्या कापसाने चपलेवरची माती पुसली आणि ती त्याच्या खाटेखाली ठेवली, उतरणाऱ्याचा पाय सरळ आत जाईल अशी. उचल ती, असं सांगायला हवं होतं.

मी दुसरीकडे बघत राहिले.