घाटातला होकार

सायकलवाल्यांत दोन जाती असतात. चढावरही पॅडल मारत राहणारे, आणि चढ दिसला की खाली उतरून ‘जरा निसर्ग बघू या’ म्हणणारे. मी दुसऱ्या जातीतला. माझ्याइतका निसर्ग त्या काळी डोंबिवलीत कुणी बघितला नसेल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं चौघांचं टोळकं होतं. कॅप्टन बँकेत कारकून, पण रविवारी सायकलवर बसला की सरहद्दीवर निघाल्यासारखा हुकूम सोडायचा. नाखवा कोलशेतच्या कोळीवाड्यातला, माझ्याच कारखान्यात पाळीवर. लहानपणापासून वल्ही मारून त्याच्या अंगात असा जोर आलेला की सायकलची चेन त्याला पुरत नसे. तिसरी कॅप्टनची धाकटी बहीण. तिचं नाव लिहीत नाही. ती आता आजी आहे आणि तिच्या नातवंडांना मराठी वाचता येतं. चौथा मी. मला तिघंही ‘हिरो’ म्हणायचे. त्यात कौतुक काही नव्हतं.

त्या रविवारी आम्ही माळशेजला निघालेलो. भाद्रपद सरत आला होता. कल्याणला एस.टी.च्या टपावर सायकली चढवायच्या, टोकावड्याला उतरवायच्या आणि पुढे घाट चढायचा, असा कॅप्टनचा हुकूम. स्टँडवर दोऱ्या बांधताना ती सहज म्हणाली, “हा माझा शेवटचा घाट बहुतेक. पुढच्या रविवारी बडोद्याचा मुलगा बघायला येतोय. बडोदा सपाट आहे म्हणे.”

माझ्या हातातली गाठ सुटली. नाखव्याने ती बांधली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्याला सगळं माहीत होतं. वर्षभर मी तिच्यामागे, म्हणजे तिच्या सायकलमागे होतो, आणि बोललो काहीच नव्हतो.

बसमध्ये ती पुढे बायकांच्या सीटवर. मागच्या बाकावर कॅप्टनने व्याख्यान सुरू केलं. “मुलीशी बोलताना सरळ डोळ्यांत बघायचं. निम्मं काम तिथेच होतं.”

“आणि उरलेलं निम्मं?” मी.

“ते अजून मला जमलेलं नाही.”

“डोल्यांत बघतंस म्हनून तर पलतात त्या,” नाखवा म्हणाला.

पुढून ती वळली. “दादा, सगळी बस ऐकतेय. लायब्ररीतली ती मुलगी काय म्हणाली सांगू का यांना? ‘तुमचे डोळे आलेत का हो?’”

कंडक्टरसुद्धा हसला. मी जरा मोठ्याने हसलो, तेव्हा तिने मोर्चा माझ्याकडे वळवला. “आणि हिरो, तू नको हसूस. तू तर बघतही नाहीस. माझ्या मडगार्डशी बोलतोस.”

कॅप्टन खिडकीला डोकं टेकून घोरू लागल्यावर नाखवा माझ्या कानाशी आला. “आरं, आज बोल. नायतर बडोद्याला रुखवत घेऊन तुलाच धाडतील.”

म्हणजे मला एवढंच करायचं होतं. घाट उतरून खाली यायच्या आत तिला विचारायचं.

घाटाच्या पायथ्याशी ऊन होतं. वरच्या अर्ध्या डोंगराला मात्र ढगाने झाकण घातलेलं. कॅप्टन आणि नाखव्याची वर चहाच्या टपरीपर्यंत शर्यत ठरली. जाताना कॅप्टन मला म्हणाला, “तू हिच्याबरोबर ये. तसाही तू मागेच असतोस.” भावांना माझी कधीच भीती वाटली नाही. ही गोष्ट मला तेव्हाही लागायची.

पहिल्या दोन वळणांवर ती माझ्या मागे होती. तिसऱ्या वळणाआधी म्हणाली, “तू हो पुढे, मी स्कार्फ बांधून आलेच.” मी उतरलो आणि सायकल ढकलत सावकाश चालू लागलो. वळण संपलं आणि मी ढगात शिरलो.

शिरलो म्हणजे काय, माझंच हँडल मला अर्धंच दिसू लागलं. धबधब्यांचे आवाज अचानक लांब गेले, खोलीचं दार लोटल्यासारखे. रस्ता बुटांखाली होता तेवढाच. एका बाजूला कडा असावा, दुसऱ्या बाजूला दरीचा कठडा. दोन्ही मी आठवणीने धरून चाललो होतो.

सायकल ढकलताना पॅडल थांबलेलं असतं आणि मागचं चाक फिरत असतं, तेव्हा फ्रीव्हील टिकटिक करतं. प्रत्येक सायकलची टिकटिक वेगळी. तिच्या फ्रीव्हीलमधला एक दात गेलेला, त्यामुळे ते लंगडायचं. टिक-टिक, मग जरा खंड, मग टिक. शंभर सायकलींत मी ती ओळखली असती; वर्षभर दुसरं केलं काय होतं?

तर ती टिकटिक मागून आली आणि माझ्या बाजूला येऊन चालू लागली.

मी बघितलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळ्यांनी तेच विचारलं. मी ठरवूनच बघितलं नाही. बघितलं असतं तर मडगार्डशीच बोललो असतो. धुक्यात आपलं तोंड दिसत नाही, तिचं दिसत नाही, भित्र्या माणसाला याहून चांगला मुहूर्त कुठला? मी आपल्या पुढच्या चाकाकडे नजर लावली आणि म्हटलं, “मला काही बोलायचंय. तू मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी विसरेन.”

टिक-टिक. टिक.

मग मी बोललो. पगार फार नाही, पण दोन वर्षांत कायम करतील. आईला तू आवडतेस. तुझ्या दादाला मी आवडत नाही, पण त्याला स्वतःशिवाय कोण आवडतं? बडोद्याला तुझा जीव रमायचा नाही. मी चढावर उतरतो हे खरं, पण उतरून तुझ्याबरोबर चालतो, हेही बघ. असलं काहीबाही. आरशासमोर महिनाभर घोकलेलं त्यात एक वाक्यही नव्हतं.

ती काही बोलली नाही. टिकटिक मात्र माझ्याबरोबर होती. मी दमून हळू झालो की तीही हळू. एकदा बुटाची नाडी सुटली म्हणून मी थांबलो, तर तीही थांबली, आणि मी नाडी बांधेपर्यंत शेजारी नुसती शांतता उभी राहिली. मला ते फार गोड वाटलं. मध्येच मागून एक टेम्पो आला. पिवळे दिवे, मोठा हॉर्न. मी बाजूला झालो, त्याला हाताने पुढे जा म्हटलं, आणि राहिलेलं बोलणं तिथून पुढे सुरू केलं.

शेवटी म्हटलं, “तोंडाने उत्तर देऊ नकोस. हो असेल तर घंटी वाजव. नाही असेल तर काहीच करू नकोस. मी समजेन, आणि आपण वर जाऊन भजी खाऊ.”

टिकटिक थांबली. मीही थांबलो. गारठा एकदम वाढल्यासारखा झाला, हातावरचे केस उभे राहिले. ते मी प्रेमाच्या खात्यावर टाकलं. मग घंटी वाजली. ठणठणीत नाही. कुणी अंगठ्याने अर्धीच दाबावी तशी, ओली, आतल्या आत.

मी टांग मारली आणि उभा घाट पॅडल मारत चढलो. आयुष्यात एकदाच.

वर टपरीत तिची सायकल उलटी करून ठेवलेली. कॅप्टन पाण्याच्या टोपात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. ती बाकावर बसून भजी खात होती. स्कार्फ वाळत टाकलेला.

मी तिला डोळा मारला. मला वाटलं, भावासमोर नाटक चाललंय.

“डोळ्यात काही गेलं का रे?” तिने विचारलं.

“तू इतक्या लवकर वर कशी?”

“कशी म्हणजे? स्कार्फ बांधायला थांबले तिथेच पंक्चर झाली. तुला हाका मारल्या, तू ढगात गडप. मग या काकांच्या टेम्पोत सायकल टाकली. वाटेत तू दिसलास, तेव्हा केवढ्याने ओरडले! तू आमच्याकडे बघितलंही नाहीस. एकटाच बडबडत होतास.”

“एकटा?”

टेम्पोवाले काका बशीतला चहा फुंकत म्हणाले, “कठड्याकडे तोंड करून बोलत होतात साहेब. म्हटलं, हा माणूस उडीबिडी टाकतोय की काय. म्हणून तर हॉर्न दिला.”

सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे दात दाखवले.

नाखव्याला टपरीमागे नेऊन मी सगळं सांगितलं. तो पोट धरून हसेल, निदान मला एक शिवी तरी देईल, अशी माझी फार इच्छा होती. त्याने विडी विझवली.

“खाडीत धुकं पडलं आन् बाजूला वल्ह्याचा आवाज आला, तर आमी बोलाचा नाय,” तो म्हणाला. “कोन हाय ते दिसल्याबिगर तोंड उघडाचा नाय. तू तोंड न बघता इचारलंस.”

“अरे, माझ्याच सायकलचा आवाज कड्यावर आपटून परत आला असेल.”

“तुजी सायकल लंगरते?”

लंगडत नव्हती.

“आन् घंटी?”

मी त्याच्या विडीचं थोटूक बुटाने चिखलात दाबलं.

“इचारलंस ते इचारलंस. कुनी तरी हो म्हटलंय. आता दुसऱ्या कुनाला इचारू नको.”

“किती दिवस?”

“ते मना काय म्हाईत?”

उतरायला लागलो तेव्हा दुपार झाली होती, पण ढग तसाच. कॅप्टनचा हुकूम, एकामागे एक, मध्ये अंतर, ब्रेक सोडायचे नाहीत. तो पुढे, मग मी, मग ती, शेवटी नाखवा. उतारावर चारही फ्रीव्हीलं एका सुरात किरकिरत होती. मी मघाच्या वळणावर आलो. तिथे वाऱ्याने ढग जरा फाटला आणि कठडा दिसला. माझ्या बुटांचे चिखलातले ठसे अजून होते. कठड्याला अगदी लागून. ठसे आणि कठडा यांच्यामध्ये वीतभर गवत, आणि कठड्याच्या पलीकडे काही नाही. टिकटिक त्या बाजूने आली होती.

ढग परत मिटला. आणि त्याच वेळी माझ्या बाजूला एक सायकल आली. लंगडं फ्रीव्हील.

“ए,” आवाज तिचा. “वर डोळा का मारलास मला?”

मी पुढच्या चाकाकडे बघत राहिलो.

“काही बोलायचंय का तुला? बोल ना. दादा पुढे आहे, त्याला ऐकू नाही जायचं.”

मान वळवली तर काय दिसेल, याचे इतके प्रकार माझ्या मनात करून झाले होते की त्यात ती असण्याची शक्यताच उरली नव्हती.

“अरे, मी तुझ्याशी बोलतेय. थांब तरी!”

मी दोन्ही ब्रेक सोडले. पुढचं फारसं आठवत नाही. रामरक्षा अर्धीच येते हे त्या दिवशी कळलं. कॅप्टनला मागे टाकून मी पायथ्याशी पोचलो. त्याला मागे टाकणारा मी पहिलाच.

खाली लख्ख ऊन. भाताची शेतं, एक हापसा, दोन बकऱ्या. कॅप्टन येऊन थडकला तो तापलेलाच. “काय रे, अक्कल आहे का? ती तुझ्या बाजूला होती, मी बघितलं तुम्हाला माझ्या अंगावरून जाताना. ती थांब थांब म्हणतेय आणि तू तिला ढगात टाकून पळतोस?”

म्हणजे ती तीच होती. मला आधी बरं वाटलं. मग कळलं, जिला विचारायचं तिच्यापासूनच मी पळालो होतो.

कॅप्टन आणि नाखवा हापशावर तोंड धुवायला गेले. ती सायकल धरून उभी होती, गाल लाल झालेले. मी तिला सगळं सांगून टाकलं. काय बोललो, कुणाशी बोललो, घंटी, ठसे. पगारसुद्धा. आधी ती हसली, मग ऐकत गेली.

“म्हणजे तिने हो म्हटलं?”

“कुणी?”

“जी कोण होती तिने. माझ्या आधी नंबर लावून.” मग ती गंभीर झाली. सायकल स्टँडवर लावून माझ्यासमोर आली. “बरं. आता ऊन आहे. मी आहे, हवं तर चिमटा काढून बघ. विचार.”

इतकं सोपं करून कुणी कुणाला दिलं नसेल. मी तोंड उघडलं. आणि माझी मान वळली. मी वळवली नाही, वळली. घाटाचा रस्ता ढगातून खाली येत होता, ओला आणि रिकामा. किती वेळ तिकडे बघत होतो कोण जाणे. हापशाचा आवाज थांबलेला.

मी परत वळलो तेव्हा ती स्कार्फची गाठ मारत होती.

“राहू दे,” ती म्हणाली. रागाने नाही. ताप उतरला का बघून हात मागे घ्यावा, तशी. “तू जन्मभर तिकडेच बघत बसशील.”

येताना बसमध्ये कॅप्टन मुलींशी कसं बोलावं ते पुन्हा सांगत होता. नाखवा मुद्दाम माझ्या आणि खिडकीच्या मध्ये बसला. पुढच्या रविवारी बडोद्याचा मुलगा आला. चांगला होता. तिने हो म्हटलं.

माझं लग्न पुढे मामाने जमवलं. मुलीकडे चहापोहे झाल्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले. मामा म्हणाला, “अरे, तिला काही विचारायचं असेल तर विचार.” मी म्हटलं, मला काही विचारायचं नाही. मुलगा फार भिडस्त आहे, असं तिकडच्या मंडळींचं मत झालं. होकार दोन दिवसांनी मामाकडे आला. मला तेच बरं वाटलं.