ब्रेंडलीबाईंच्या निळ्या रेघा

ब्रेंडलीबाईंचा संशय आधी लाँड्रीवर गेला. पांढऱ्या कॉलरी पिवळट होऊन परत येऊ लागल्या, तेव्हा त्यांनी वीस वर्षांची लाँड्री सोडून दुसरी धरली. तीही तशीच निघाल्यावर बाझेल शहरातल्या सगळ्या लाँड्रीवाल्यांचं संगनमत आहे असा निकाल देऊन त्या कपडे घरीच धुवायला लागल्या. स्वभावच तो. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, आणि जिना उतरून गेल्यावर पुन्हा एकदा वर यायचं.

लोलिगरसाहेबांच्या छापखान्यात त्या एकोणतीस वर्षं पानं जुळवत होत्या. शिशाच्या खिळ्यांवरून उमटवलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापायच्या, जाड पांढऱ्या कागदावर नेमक्या जागी चिकटवायच्या, मग त्या पानाचा मोठ्या कॅमेऱ्याने फोटो निघायचा आणि त्यावरून छपाई व्हायची. पूर्वी हे सगळं नजरेवर चाले. मग ग्रिड आली. कागदावर आधीच फिकट निळ्या रेघांनी चौकोन आखलेले असायचे. मथळा, मजकूर, चित्र, ज्याने त्याने आपापल्या चौकोनात मुकाट बसायचं. तो निळा रंग कॅमेऱ्याला दिसत नसे, त्यामुळे छापून आलेल्या पानावर रेघांचा मागमूस नसायचा. बाईंनी वर्षभर नाक मुरडलं. "पान आहे की कोंबड्यांचं खुराडं?" असं त्या उघड म्हणत. पण एकदा पटलं म्हटल्यावर त्यांच्याइतकी कडवी भक्त साऱ्या शहरात नव्हती. ब्रेंडलीबाईंचं पान फूटपट्टी लावून तपासायचं नसतं, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. नवरा नाही, पोर नाही, भाऊ परदेशी. बाईंची म्हणून जी काही मिळकत होती ती म्हणजे एवढं एकच वाक्य.

पासष्ट सालच्या शरदात एका औषध कंपनीच्या पुस्तिकेचं पान परत आलं. उजवा रकाना डाव्यापेक्षा एक ओळ खाली बसला होता. पंधरवड्यात दुसरं आलं. लोलिगरसाहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, तिसरं आलं तर मला हे टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल हो."

बाईंनी कोरा ग्रिडचा कागद खिडकीशी धरला. रेघा अगदीच मेल्या होत्या. कुठे आहेत, कुठे नाहीत, अशा. म्हणजे हे होतं तर.

कागद छापायचा वालो. नऊच्या सुट्टीत तो सॉसेज सोलत बसला होता, तिथे बाईंनी त्याला गाठलं.

"वालो, निळ्या शाईत पाणी घालतोस का रे?"

"घालतो की. उरलेली घरी नेऊन सूप करतो."

"थट्टा नकोय मला. रेघा दिसत नाहीत."

वालोने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "दिसतायत की, बाई," तो म्हणाला आणि पुन्हा सॉसेजकडे वळला. बाईंना ते वळणं मुळीच आवडलं नाही. वालो आळशी होता, पण लबाड नव्हता. त्याला कुणीतरी पढवलं असणार.

कुणीतरी म्हणजे रेटो काडिश. ग्रिड आखायचं काम त्याचं. वय सव्वीस, ग्राउब्युंडनच्या डोंगरातून आलेला, बोलणं कमी आणि पेन्सिलींना सदा टोक. दोन वर्षं शेजारच्या टेबलावर बसत होता, तरी बाईंनी त्याला अजून 'मला तू म्हण' असं सांगितलं नव्हतं, आणि तिथल्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्याने आधी सांगितल्याशिवाय धाकट्याने तसं म्हणायचं नसतं. आता तर सांगायचा प्रश्नच नव्हता. त्या आत आल्या की साहेबांशी चाललेलं त्याचं बोलणं थांबे. एकदा त्याने अदबीने विचारलं, "बाई, दिवा जरा जवळ आणून देऊ?"

"दिव्याने काय होणार? रेघा असतील तर दिसतील."

त्यावर त्याने मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं बाई समजल्या.

मग एका सकाळी पुरावाच हाती लागला. आदल्या संध्याकाळी पुरं करून ठेवलेल्या पानावर एका पट्टीची कड ओली होती. गोंद ताजा. पट्टी कुणीतरी उचलून पुन्हा लावली होती, आणि त्यांच्या आधी कामावर आला होता फक्त काडिश. बाई कोट न काढताच साहेबांच्या खोलीत गेल्या.

"तो माझी पानं हलवतो. वर रेघा मुद्दाम फिकट छापून घेतो. आता तो तरी राहील नाहीतर मी."

साहेबांनी दोघांना गुरुवारी बोलावलं. बाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. कपाटात एकसष्ट सालच्या एका कॅटलॉगचे उरलेले ग्रिडचे कागद काळ्या वेष्टनात बंद होते, तेव्हाच्या ठसठशीत रेघांचे. ते पाकीट त्यांनी न फोडताच नेलं. मागाहून कुणी म्हणायला नको की हिनेच काही केलं.

साहेबांच्या टेबलावर त्यांनी आजचा कागद ठेवला. शेजारी पाकीट फोडलं, जुना कागद काढून त्याला लागून मांडला, आणि बोट उचललं, हे बघा म्हणायला.

बोट तसंच राहिलं. जुना कागद कोरा होता. आजच्यासारखाच.

साहेबांनी दोन्ही कागद खिडकीशी नेले, चष्मा वर करून पाहिले. "मला तर रेघा सारख्याच दिसतायत. बाई, यात फिकट कुठला?"

काडिश बाईंच्या त्या अधांतरी बोटाकडे पाहत होता. मग घसा खाकरून तो म्हणाला, "आजचा फिकट आहे, साहेब. शाई पातळ झाली होती. चूक माझी."

त्याच्या एवढ्या बोलण्याने बाई सुटत होत्या. टेबल राहत होतं, नाव राहत होतं, फक्त गप्प बसायचं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पिवळट कॉलरींसकट गेल्या दोन महिन्यांतलं सगळं एकदम उलटं होऊन त्यांच्यासमोर आलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

"खोटं बोलू नका," त्या म्हणाल्या. "साहेब, शाई तीच आहे. मला दोन्ही कागद कोरे दिसतात."

साहेब खुर्चीत बसले. बाई काडिशकडेच वळलेल्या होत्या.

"तो गोंद. तुम्ही माझी पानं सरळ करत होता."

त्याने मान डोलावली.

"किती?"

त्याने खिशातली पेन्सिल काढून तिचं टोक तपासलं.

"काडिश, किती पानं?"

"चव्वेचाळीस," तो म्हणाला. "दोन माझ्या नजरेतून सुटली."