फ्रीजरमधली चकती

विवेकचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, आमच्या नेहमीच्या टेबलावर एकटाच बसलो होतो. "काका, बाबा गेले," एवढंच तो बोलला. समोरची कोपी, म्हणजे इथली कॉफी, मी संपवली. अर्धी टाकून उठायची मला सवय नाही. मग बस पकडून सेम्बावांगला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. त्याला काही आठवडे झाले. त्या टेबलावर मी आता बसत नाही...

दत्ताराम त्याचं नाव. पण जहाजावर डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग, आणि नोकरी सुटली तरी तो सारंगच राहिला. मी खाली इंजिनरूममध्ये फिटर. तो गुहागरकडचा, मी हर्णैचा. मी चौथीपर्यंत शिकलो, तो पाचवीपर्यंत, आणि ती एक यत्ता त्याने मला जन्मभर ऐकवली. म्हातारपणी दोघंही मुलांकडे सिंगापूरला आलो, तो विवेककडे, मी माझ्या लेकीकडे. हा लेख तिनेच उतरवून घेतलाय. शुद्धलेखन तिचं आहे, मतं माझी.

आमचं भांडण जुनं. एका थंडीत आमचं जहाज कॅनडात क्वीबेकच्या बंदरात अडकलं. नदी गोठली होती. सारंग आणि त्याची माणसं लाकडी हातोड्यांनी डेकवरचा बर्फ फोडत, आणि खाली धक्क्याजवळ गोठलेल्या पाण्यावर बंदरातले कामगार जेवणाच्या सुट्टीत हॉकी खेळत. पायात पात्यांचे बूट, हातात काठ्या, आणि चेंडूऐवजी काळ्या रबराची चकती. सारंग कठड्याला टेकून बघत राहायचा. मला हाका मारायचा. मी इंजिनाची ऊब सोडून वर गेलो नाही. निघायच्या दिवशी त्यातल्या एकाने त्याला चकती दिली आणि खुणेने सांगितलं, ही गार ठेवायची. गरम झाली की उसळते, गार असली की बर्फावरून सरळ जाते. तेव्हापासून जिथे सारंगचा फ्रीज तिथे ती चकती. सेम्बावांगला ती मटारची पिशवी आणि खवलेल्या नारळाचा डबा यांच्या मधे असायची.

"बाबा, नारळाला रबराचा वास येतो," सूनबाई म्हणायची.

"मग नारळ हलव," हा म्हणायचा.

क्वीबेकला तेव्हा मोठ्या लीगमध्ये खेळणारी स्वतःची पगारी हॉकी टीम होती. पुढे ती विकली गेली, अमेरिकेत नेली. सारंगने ते मनाला लावून घेतलं. कधीतरी परत मिळेल म्हणून त्या शहराने नवं मोठं स्टेडियम बांधलं, आणि हा इथे सेम्बावांगला बसून वाट बघायचा. सकाळी नात ईरा शाळेला निघाली की विचारायचा, "आली का ग टीम?" ती फोनवर बघून सांगायची, "नॉट येट, आजोबा."

माझं म्हणणं साधं होतं. बर्फ कॉम्प्रेसर बनवतो. पाइप टाका, गॅस फिरवा, वाळवंटातसुद्धा बनवतो. जिथे बघायला माणसं येतात तिथे टीम असावी.

"फिटर, तुला पाइपापलीकडे काही दिसत नाही," तो म्हणायचा. "जिथली पोरं दाराबाहेरच्या बर्फावर चालायला शिकतात, तिथली आहे ती."

"मग तुझी चकती का फ्रीजमध्ये? ठेव की दाराबाहेर."

त्यावर तो माझ्या कपातला बर्फ चमच्याने काढून टेबलावर ठेवायचा. दोन मिनिटांत त्याचं पाणी व्हायचं. "बघ तुझा बर्फ," म्हणायचा.

मग लीगने एका शहराला नवी टीम द्यायची वेळ आली, आणि ती दिली लास वेगासला. भर वाळवंटात. त्या दिवशी मी त्याला चिडवायला गेलो होतो, पण तो खिडकीकडे तोंड करून बसलेला. चिडवता आलं नाही. तेव्हाच ईराने मॉलमधल्या बर्फावर हॉकी शिकायला सुरुवात केली. हे वेड तिने कुणाकडून घेतलं ते सांगायला नको. दर मॅचला विचारायची, "आजोबा, येणार?" तो म्हणायचा, "खाली पार्किंग, वर पिझ्झा, मधे बर्फ. असल्या ठिकाणी मी येत नाही." पोरगी विचारत राहिली. मग विचारायची थांबली. मी त्याला म्हटलं, "सारंग, वेगासचा राग पोरीवर काढतोस." चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढे तो अंथरुणाला खिळला. शेवटचं भेटलो तेव्हा ईरा उशाशी होती. बराच वेळ डोळे मिटून पडला होता, मग एकदम विचारलं, "तुमच्याकडे चकती गार करतात का ग?"

"नो लाह, आजोबा. वी जस्ट प्ले."

"मग उसळत असेल. माझी घेऊन जात जा. खेळून झालं की जागेवर ठेवायची."

माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर ईराच्या सरावाला मी गेलो. तिच्या खांद्यावर बॅग, हातात काठी, म्हणून चकती मी घेतली, स्टीलच्या डब्यात, खाली-वर बर्फ घालून. एमआरटीच्या गाडीत डबा मांडीवर गार लागत होता. मॉलमध्ये खरंच खाली पार्किंग आणि वर पिझ्झा. मी कानटोपी घालून कठड्याला टेकलो. पोरांनी चकती टाकली आणि ती सरळ गेली, एकदाही उसळली नाही. काचेपलीकडे कॉम्प्रेसर घुमत होता. मशीन चांगलं होतं, मला आवाजावरून कळतं. इतकी वर्षं मी जे सांगत होतो ते सगळं समोर होतं, आणि ते ऐकवायला शेजारी कोणी नव्हतं. ऐकवलं असतं तरी त्याने मानलं नसतं. क्वीबेकला अजून टीम नाही.

त्यांच्या घरी आल्यावर सूनबाईने चकती पुसली. म्हणाली, "काका, आता फोटोपुढे ठेवूया. हार घातलाय तिथे."

मी म्हटलं, "नाही. तिथे गरम होईल."

तिने नारळाचा डबा जरा सरकवला. ईराने चकती आत ठेवली आणि दार लावलं.