पाणक्याचा एक्क्याऐंशीवा नंबर

काही सत्यं माणसाने सरणापर्यंत एकट्यानेच वाहून न्यायची असतात, असं मी बरीच वर्षं मानत आलो. माझ्या वाट्याला आलेलं सत्य सायकलच्या शर्यतीबद्दल आहे. ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — पण तिला सायकल शर्यतीबद्दल काहीच ऐकायचं नसतं, तेव्हा हे गुपित राखण्यात माझं फारसं कर्तृत्व नाही.

तुम्हाला सांगतो. तुम्ही दादारावांना ओळखत नाही, म्हणून सांगणं सोपं आहे.

दादाराव खंडारे यांचं अमरावतीत, वलगाव रोडवर, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी जवळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि सायकलने कामावर जायचो. स्कूटर शिकायची राहून गेली होती, एवढंच कारण. लोक त्याला साधी राहणी म्हणत. मी म्हणू दिलं. — पाहा, सवय तेव्हापासूनच आहे.

दुकानात रबर सोल्यूशनचा वास, पंक्चर शोधायची पाण्याची पाटी, आणि पुढे एक लाकडी बाकडं. जुलै आला की त्या बाकड्याला किंमत यायची. युरोपातली ती तीन आठवड्यांची शर्यत — रोज एक टप्पा, आज सपाटी, उद्या डोंगर — आमच्याकडे दुपारनंतर दिसायला लागे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत चाले. उपड्या डब्यावर मोबाईल ठेवायचा आणि पाहायचं. शेवटच्या किलोमीटरला नेट हमखास अडकायचं. मग आम्ही तिघे-चौघे प्रौढ माणसं पडद्यावर गरगरणाऱ्या गोलाकडे पाहत बसायचो. जगातल्या सर्वांत कठीण शर्यतीचा शेवट मी बहुतेक वेळा तसाच पाहिला आहे.

बाकड्यावरचे दुसरे कायमचे सभासद साहेबराव. वलगावचे, वीस एकर काळ्या जमिनीचे मालक. ते शर्यतीपेक्षा हेलिकॉप्टरातून दिसणारी सूर्यफुलं पाहत. "एकरी किती होत असंल हो सर?" मला काय ठाऊक? मी ग्रंथपाल. पण मी आकडा सांगायचो. त्यांना ही शर्यत मनापासून पटलेली होती, कारण संघातले सात जण राबतात आणि आठवा जिंकतो.

"माह्या वावरातबी असंच हाय," साहेबराव म्हणायचे.

"फरक हाय ना," दादाराव चाकाचे आरे कसत, वर न पाहता म्हणायचे. "थो आठवा सायकल तं चालवते."

साहेबरावांचा गडी नेहमी पिवळ्या बंडीतला, म्हणजे जो पुढे असेल तो. दादारावांचा गडी मात्र एकच. त्याचं नाव आम्हा कुणालाच धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून तो पाणक्या. संघाच्या मोटारीपर्यंत मागे यायचं, पाण्याच्या सात-आठ बाटल्या बंडीत पाठीपोटाला कोंबायच्या, आणि फुगलेल्या अंगाने पुन्हा पुढे जाऊन त्या मालकांना वाटायच्या — हे त्याचं काम. कॅमेरा त्याच्यावर चुकून पडायचा.

"जिंकनाऱ्याले सारी दुनिया पायते," दादाराव म्हणायचे. "पानी आननाऱ्याले कोन पायते? मी पायतो."

आणि ते लिहून ठेवायचे. त्यासाठी एक वही होती. लांबोडी, लाल पाठीची, चौकटी आखलेली. रोजचा टप्पा, कोण जिंकलं, पाणक्या कितवा आला, आणि शेवटच्या रकान्यात: कोणी पाहिलं. स्वतः पाहिलं असेल तर 'स्वतः'. नेट गेलं आणि मी घरी जाऊन पाहून सांगितलं, तर 'सर'. असा रकाना मी मोठमोठ्या ग्रंथांत पाहिलेला नाही. असायला हवा होता. मी एकदा विचारलं, हे कशाला? ते म्हणाले, "माह्या बापाले सही येत नोती, सर. दुसऱ्यानं काय लिवलं ते इचाराची सोय नोती. म्हून मी लिवतो, अन् कोनी सांगतलं तेबी लिवतो."

बाकड्यावरचा कायदा असा, की वाद झाला तर वही काढायची. मोबाईल नाही — वही. तीन वर्षांपूर्वी कोणत्या घाटात कोण पडला, पिवळी बंडी किती दिवस टिकली, सगळं वहीत. वहीत निघालं की हरलेल्याने सगळ्यांना दही घातलेला गिला वडा खिलवायचा. वीस एकरांचा मालक सायकल मिस्त्रीच्या वहीपुढे गप्प बसायचा. हे दृश्य मला शर्यतीपेक्षा आवडायचं. ते बाकडं मला अजून आठवतं — आठवतं म्हणजे काय, त्या रस्त्याने गेलो की पाय आपोआप पेडलवरून उतरतो.

मग एका जुलैत, शर्यत सुरू व्हायच्या तोंडावर, दादारावांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. मुलगी सुजाता अकोल्याला बँकेत नोकरीला. तिने तिथेच ऑपरेशन करवलं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे पालथं झोपायचं. मोबाईल नाही, टीव्ही नाही, वाचन नाही. दुकान बंद, बाकडं आत, आम्ही आपापल्या घरी.

मी म्हणालो, दादाराव, रोजचा टप्पा मी फोनवर सांगीन.

आणि सांगितला. तेरा टप्पे प्रामाणिकपणे सांगितले. मी पाहायचो, निकालाची यादी शोधायचो, फोन करायचो. ते पालथे पडून उशीत तोंड खुपसून ऐकायचे आणि सुजाताला सांगून वहीत लिहून घ्यायचे. मागून तिचा आवाज यायचा, "बाबा, एकशे दोन की एकशे बारा, नीट सांगा ना!" एके दिवशी दादाराव म्हणाले, "सर, तुमी सांगता तं टीव्हीहून चांगलं दिसते."

हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिलं आहे. आयुष्यभर पुस्तकं दुसऱ्यांच्या हातात दिलेल्या माणसाला कुणी असं म्हणावं — मला ते चढलं. दुसऱ्या दिवसापासून मी ढग घालायला लागलो. ढग खरेच असायचे, पण इतके नसायचे.

चौदाव्या टप्प्याच्या दिवशी आम्ही कॉलेजची मंडळी सेमाडोहला गेलो होतो, एका सहकाऱ्याच्या निवृत्तीनिमित्त. भाषणं झाली. त्या माणसाने पस्तीस वर्षांत न केलेल्या गोष्टींबद्दल त्याचं कौतुक झालं. जंगलात रेंज नाही. परत येताना परतवाड्याला चहाला थांबलो तेव्हा फोन वाजला. नेट अजून नव्हतं, पण फोन लागत होता.

"सर, आज डोंगर होता ना? माहा गडी कितवा आला?"

आज पाहिलं नाही. तीन शब्दांचं वाक्य आहे. मला ते येत नव्हतं का?

मी म्हणालो, "दादाराव, आज तुमचा गडी सुटला होता."

"म्हंजे?"

म्हणजे — आणि मी उभ्या उभ्या, हातात चहाचा ग्लास धरून, पाणक्याला घोळक्यातून बाहेर काढला. एकट्याला घाटावर चढवलं. कॅमेरा वीस मिनिटं त्याच्यावर ठेवला. बंडीत एकही बाटली नव्हती, म्हणालो. आज तो स्वतःसाठी चालला होता. शेवटच्या दोन किलोमीटरांत त्याला गाठू दिलं, कारण जिंकला असं सांगायची हिंमत झाली नाही. अकरावा आणला. ढग होतेच.

 पलीकडे ते सुजाताला म्हणाले, "लिव. अकरावा. अन् खाली लिव, एकटा चढला." त्यांचा आवाज बरा नव्हता. पालथा माणूस रडला तर कसा आवाज येतो, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी पाहिली. पाणक्याने आदल्या दिवशी, पहिल्याच चढावर, शर्यत सोडली होती. मोटारीत बसून गेला होता.

तेव्हा तरी सांगायचं ना? मी सांगितलं नाही. उलट शर्यत संपेपर्यंत मी त्याला चालवला. तो बिचारा आपल्या घरी पाय वर करून पडला असेल आणि मी त्याला रोज दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर नेत होतो. शहाण्णवावा. एकशे चौथा. अठ्ठ्याऐंशीवा. खऱ्या यादीत त्या जागी जो कोणी होता, त्याला मी विनाकारण एक पायरी खाली ढकललं. विश्रांतीच्या दिवशीही दादारावांचा फोन आला. "आज सुट्टी हाय न. काय करत असंल हो थो?" मी म्हणालो, झोपला असेल. त्या आठवड्यात मी खरं बोललो असेन तर तेवढंच. शेवटच्या दिवशी एकूण हिशेबात त्याला एक्क्याऐंशीवा आणला आणि सुटलो.

सुटलो, असं वाटलं.

ऑगस्टात दादाराव परत आले. बाकडं बाहेर आलं. साहेबराव आपणहून वडे घेऊन आले. दादाराव एका डोळ्याने माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "यंदाची शर्यत पाह्याची राह्यली, पन माहा गडी एकटा घाट चढला. त्याच्यावानी टप्पा नाई झाला."

"कोनता गडी?" साहेबराव म्हणाले. "पानक्या? थो तं त्याच घाटात मोटारीत बसून पयाला, बाप्पा!"

"वहीत पाहा," दादाराव म्हणाले.

वही काढली. अकरावा. एकटा चढला. साहेबरावांनी पहिल्यांदाच बाकड्याचा कायदा मोडला आणि मोबाईल काढला. त्या टप्प्याची यादी सगळ्यांना दाखवली. शर्यत सोडलेल्यांत पाणक्या पहिलाच.

"अजी दादाराव, डोयाचं आपरेशन केलं का डोक्याचं?" ते म्हणाले. सगळे हसले. साहेबरावांच्या मनात काही वाईट नव्हतं. इतकी वर्षं हरलेला माणूस जिंकला की तेवढं बोलतोच. "पाहा न मंग, कोनी पायलं ते लिवलं असंल तुमी."

लिहिलेलं होतं. शेवटच्या रकान्यात, सुजाताच्या गोल अक्षरात, खालपर्यंत ओळीने: सर, सर, सर, सर.

दादारावांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? मी वड्यावरचं दही चमच्याने सारखं करत होतो. ते करण्याची काहीच गरज नव्हती.

त्यांनी वही मिटली. "औषधाची गुंगी होती," ते म्हणाले. "मीच काईबाई लिवून घेतलं असंल."

मी वडा संपवला.

वही त्यानंतर बाकड्यावर आली नाही. पुढच्या जुलैपासून वाद मोबाईलवर मिटायला लागले. चटकन मिटायचे, म्हणून फारसे होईनासे झाले. साहेबराव हळूहळू यायचे थांबले. दोन वर्षांनी दुसरा डोळाही दुखायला लागला, तेव्हा दादारावांनी दुकान विकलं आणि अकोल्याला मुलीकडे कायमचे गेले. जाताना वही मला दिली. "तुमी लायब्ररीवाले," म्हणाले, "तुमच्यापाशी नीट राहीन."

ते अजून तिथेच असतात. जुलैत मी फोन करतो, ते ऐकतात. मी आता यादी समोर ठेवूनच सांगतो. कितवा आला असं ते कुणाबद्दलच विचारत नाहीत. अकोला इथून दोन तासांवर आहे. बस दर अर्ध्या तासाला सुटते. मी गेलेलो नाही.

वही माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. मी तिच्यात खाडाखोड केलेली नाही. त्या वर्षीची शर्यत जितक्या जणांनी पूर्ण केली, त्यापेक्षा वहीत एक माणूस जास्त आहे.